खाजन चालतं कसं, आणि वाढत्या समुद्रासमोर गावाने ते राखायचं कसं

गोव्यात मांडवी, झुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठाने अशी शेतं आहेत की भरती आली म्हणजे नदीचं पाणी शेताहून उंच असतं. मधे असतो तो फक्त मातीचा बांध. पलीकडे खारं पाणी, अलीकडे भात. या जमिनीला खाजन म्हणतात. सगळ्या गोव्यात मिळून ती सुमारे 18,000 हेक्टर भरते. रायगडच्या वाचकांना ती खारेपाट म्हणून ओळखीची वाटेल, बाकी कोकणात खारभूमी म्हणून.

हे काम किती जुनं? फोंड्याजवळच्या बांदिवड्याला कोकणच्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्म्याचा ताम्रपट सापडला. तो साधारण सहाव्या शतकातला मानतात आणि त्यात ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख आहे. म्हणजे आज किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही किल्ल्याच्या किंवा चर्चच्या कितीतरी आधी इथे गावं समुद्राशी हिशेब करून शेती करत होती.

किल्ला जपायचा म्हणजे दगड ढासळू द्यायचे नाहीत. खाजनाचं तसं नाही. ते रोज चालवावं लागतं आणि चालवणारी माणसं थांबली तर एखाद्या पावसाळ्यात हातचं जातं. म्हणून ते टिकवायचं असेल तर आधी ते चालतं कसं हे आपल्याला कळायला हवं. एकेक पायरी घेऊ.

आधी पाण्याचं वेळापत्रक. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. एका भरतीपासून दुसरी साधारण साडेबारा तासांनी येते, त्यामुळे वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी असतो, तो भांग. उधाणाला गोव्यात पाणी दोन मीटरहून थोडं अधिक वरखाली होतं. उधाण आणि भांग हे दोन्ही शब्द ध्यानात ठेवावेत, पुढे दुरुस्तीच्या वेळी ते लागणार आहेत.

मग बांध. तो नदीच्याच चिखलाचा असतो. ओहोटीत पात्र उघडं पडलं की चिकट काळपट चिखल कापून काढतात, त्याचे थर देऊन तुडवतात, मधे पेंढा घालतात. जिथे प्रवाहाचा मार लागतो तिथे नदीच्या अंगाला जांभ्या दगडाची रचाई करतात. बाहेरचा मोठा बांध नदीला अडवतो. आत आणखी लहान बांध असतात आणि ते भाताची शेतं आतल्या खाऱ्या ओहोळांपासून वेगळी ठेवतात. नवख्या माणसाला हे आतले बांध बिनमहत्त्वाचे वाटतात. ते फुटले तर नदी बाहेरच राहूनही भात जळतं.

बांधाचा घात बहुतेक वेळा लहान भोकापासून सुरू होतो. कुर्ली बीळ करते, त्या बिळातून पाणी झिरपतं, पाण्याबरोबर माती जाते. भांगाला ते कुणाला दिसत नाही. उधाणाला बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की तेच भोक हातभर होतं आणि एखाद्या रात्री बांधाला खांड पडते. जुन्या काळी बांधावरून रोज फिरणारी माणसं ही बिळं शोधून चिखलाने बुजवत. काम अगदी किरकोळ, पण त्यावर सगळं शेत उभं असायचं.

दुसरं कारण बाहेरून येतं. मांडवी आणि झुवारीतून खनिजाच्या बार्जेस जातात, त्यांच्या लाटा बांधाच्या पायथ्याची माती ओढून नेतात. तिसरं कारण चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीत आहे. मऊ चिखलावर जड काँक्रीटची भिंत उभी केली की ती खचते, तिला भेगा जातात, आणि त्या भेगा चिखलासारख्या हाताने बुजवता येत नाहीत. काँक्रीट कुठेच नको असं नाही. पण पाया न बघता ते ओतणं म्हणजे दोन-चार वर्षांनी तोच खर्च पुन्हा करणं.

आता खाजनाचं मर्म, मानस. आतला मुख्य ओहोळ जिथे नदीला मिळतो तिथे बांधात चिऱ्यांचे खांब उभे करून मधे लाकडी दारं बसवतात. ही मानस, म्हणजे पाण्याचं दार. दार वरून टांगलेलं असो की दोन पाखांचं, त्याची आपोआप उघडण्याची दिशा एकच, नदीकडे. ओहोटी लागली, नदी आतल्या पाण्याहून खाली गेली, की आतलं पाणीच दाराला बाहेर ढकलतं आणि शेतातलं जादा पाणी निघून जातं. भरती फिरली की बाहेरचं पाणी दाराला आत रेटतं आणि दार उंबऱ्याला घट्ट बसतं. वीज नको, इंजिन नको, रात्री कुणी जागायला नको. रायगडात अशाच दारांना उघाडी म्हणतात.

पावसाळा सरला, भात घरात आलं, की हीच मानस दुसरं काम करते. दार वर उचलून भरतीचं पाणी मोजकं आत घेतात. त्याबरोबर कोळंबी, शेवटे, काळुंद्रं, कुर्ल्या, चोणक आत शिरतात. (गोव्यातलं चोणक म्हणजेच रायगडातला जिताडा.) ओहोटीला पाणी बाहेर निघताना मानशीच्या तोंडाशी पिशवीसारखं जाळं लावलं की मासळी त्यात सापडते. या मासळीचा हक्क दरवर्षी पावणीने, म्हणजे लिलावाने दिला जातो. पावणीचा हा पैसा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

मानस कुठे बिघडते ते बारकाईने बघू, कारण खाजनाची बहुतेक दुखणी इथे सुरू होतात.

एक, दार बसत नाही. उंबऱ्यावर ओंडका, नारळाची झावळी किंवा प्लास्टिकची बाटली अडकली तर बोटभर फट राहते, आणि त्या फटीतून सहा तास खारं पाणी आत येत राहतं. उपाय साधा आहे: ओहोटीला जाऊन उंबरा साफ करणं. पण तो कुणाला तरी नेमून दिलेला असावा लागतो. दोन, पाणी उंबऱ्याखालून वाट काढतं. दार उत्तम असतं, पायाखालची माती मात्र वाहून गेलेली असते. मानशीच्या आतल्या बाजूला भरतीच्या वेळी पाण्यात बुडबुडे किंवा गढूळ उकळी दिसली तर तेच समजावं आणि वाट न बघता जाणत्या गवंड्याला बोलवावं.

तीन, लाकडाच्या जागी चाकाने वर-खाली करायचं लोखंडी दार बसवलं जातं. लोखंड खाऱ्या हवेत गंजतं. त्याहून मोठी अडचण अशी की ते आपोआप चालत नाही, माणसाने वेळेवर फिरवावं लागतं. मग प्रश्न येतो तो चावी कुणाकडे, आणि त्याला भाताची काळजी आहे की मासळीची.

चार, दार मुद्दाम उघडं ठेवलं जातं. ज्याने पावणीत मोठी बोली लावली त्याला जास्त दिवस, जास्त पाणी, जास्त मासळी हवी असते. पाणी मानशीआतली खोलगट पोंय आणि ओहोळ भरून शेतात चढतं. एकदा जमीन खारावली की भात लावणारा गप्प बसतो, दुसऱ्या वर्षी लावतच नाही, आणि तिसऱ्या वर्षी ‘इथे शेती होत नाही, तळीच बरी’ असं म्हणायला सगळे मोकळे होतात. काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडले जातात अशाही तक्रारी गोव्यात वर्षानुवर्षं आहेत.

मानशीच्या आतल्या अंगाला खोलगट जागा असते, ती पोंय. तिची खरी गरज पावसात कळते. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली तर दार बंद असतं, म्हणून डोंगराकडून आलेलं पाणी ओहोटी लागेपर्यंत कुठेतरी थांबायला हवं. ते पोंयमध्ये आणि ओहोळांत थांबतं. पोंय गाळाने भरली, कुणी भराव टाकला, किंवा रस्त्याच्या भरावाखाली एक अरुंद मोरी ठेवली, की तेच पाणी शेतात आणि मग घरांत थांबतं. महामार्ग आणि कोकण रेल्वेचे भराव खाजनांतून गेले आहेत. तिथल्या मोऱ्या पावसाआधी मोकळ्या आहेत का, हे गावाने स्वतः जाऊन बघावं.

शेताची गोष्ट थोडक्यात. उन्हाळ्यात जमीन तापते, खालचं मीठ वर येतं. पहिल्या दमदार पावसांत ते विरघळतं आणि ओहोटीला मानशीतून बाहेर जातं. असं दोन-चार वेळा धुतल्यावर भात लावतात. इथलं जुनं भात कोरगुट: उंच वाढतं, दाण्याला कुसळ असतं, तांदूळ तांबडा, खारेपणा सोसणारा. त्याची पेज गोव्याच्या घरांत अजून मागून घेतात. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून गोवा धान-1 आणि गोवा धान-2 हे वाण दिले. कोरगुटाचं बी गावात राहिलं होतं म्हणून हे शक्य झालं.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग: हे सगळं सांभाळायचं कोण?

पूर्वी गावकरी संस्था सांभाळत असे. गावातल्या मूळ कुटुंबांची ती संस्था, जमीन तिच्या मालकीची. पोर्तुगीज अमलात तिला कोमुनिदाद हे नाव मिळालं. 1526 साली अफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने तिच्या चालीरीती सनदेत लिहून ठेवल्या, म्हणजे पोर्तुगीज येण्याआधीच ती घट्ट उभी होती. शेतांचा खंड, मानशींच्या पावणीचा पैसा या संस्थेकडे येई आणि त्यातून बांधाची राखण, चिखल, मजुरी भागे. मासळीतून मिळालेला पैसा बांधाला परत जात होता. माझ्या मते खाजन इतकी शतकं टिकलं त्याचं खरं कारण हेच.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. राबणाऱ्या कुळाला तिच्यात आवाज नव्हता. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला, आणि ते न्यायाचंच झालं. पण बांध आणि मानस एकेकट्या शेतकऱ्याच्या नावावर होत नाहीत. त्यासाठी 1975 च्या नियमांनी कुळांची संयुक्त जबाबदारी ठरवली, गावोगाव टेनन्ट असोसिएशन, म्हणजे कुळांचे संघ उभे राहिले आणि मामलेदाराची देखरेख आली. काही संघ आजही नीट चालतात. अनेक ठिकाणी मात्र सभेला माणसं नाहीत, हिशेब वाचले जात नाहीत, आणि मानशीचा पैसा बांधापर्यंत पोचत नाही.

नेमक्या याच वेळी समुद्र बदलतो आहे. हवामान बदलाच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी 20 सेंटिमीटरने वाढली, आणि 2006 ते 2018 या काळात वाढीचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटर होता. आकडा लहान वाटतो. पण मानशीच्या दृष्टीने बघा. उंबरा आहे तिथेच असतो आणि ओहोटीचं पाणी पूर्वीइतकं खाली जात नाही. म्हणजे दार उघडं राहण्याचा वेळ हळूहळू आखडतो आणि आतलं पाणी बाहेर जायला कमी मिनिटं मिळतात. बांधावरून पाणी येण्याच्या कितीतरी आधी हा त्रास सुरू होतो. शेतात पाणी तुंबतं आणि लोकांना वाटतं की पाऊस जास्त झाला.

त्यात आणखी एक भर. बांधाच्या बाहेर नदी गाळ टाकत राहते, आत गाळ येत नाही, म्हणून आतली जमीन उंचावत नाही. दोन्हींतलं अंतर वाढत जातं. वादळांचाही अनुभव आहेच: मे 2021 मध्ये तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, ऐन दुरुस्तीच्या महिन्यात.

मग गावाने काय करायचं? पहिलं काम पैशाचं नाही, पायांचं आहे. उधाणाच्या दिवशी, भरती पूर्ण चढलेली असताना, चार-पाच जणांनी मिळून अख्खा बांध चालावा. भरती-ओहोटीच्या वेळा वर्तमानपत्रांत छापून येतात. पाणी बांधाच्या माथ्यापासून किती खाली आहे, कुठे झिरपतं आहे, बिळं कुठे आहेत, हे वहीत लिहावं, त्याच जागेवरून फोटो काढावा, तारीख टाकावी. मग ओहोटीला तोच फेरा पुन्हा करावा, कारण पायथ्याची झीज तेव्हाच दिसते. मानशीच्या खांबावर रंगाने सेंटिमीटरची पट्टी रंगवून दर उधाणाची खूण लिहीत गेलं तर काही वर्षांत गावाकडे स्वतःचा पुरावा तयार होतो. मदत मागायला गेल्यावर अशी वही फार उपयोगी पडते.

दुसरं काम जाणत्या माणसांना विचारण्याचं. बांधाच्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं. चांगला चिखल कुठल्या वळणावर मिळतो, मानशीचा पाया किती खोल आहे, कोणती पोंय कुठवर होती, बांध राखणाऱ्या देवाला, म्हणजे राखणदाराला, रोटाचा नैवेद्य कधी देतात, हे कागदावर कुठेच नाही. मोबाईलवर त्यांचं बोलणं नोंदवावं आणि सर्व्हे नकाशावर त्यांच्याकडूनच नावं लिहून घ्यावीत. जमिनीचे एक-चौदाचे उतारेही त्याच वेळी काढून ठेवावेत. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त सभांत बोलणाऱ्या पुरुषांना विचारणं. बी कुठलं राखायचं, शेताच्या कोणत्या कोपऱ्यात मीठ आधी फुटतं, हे लावणी-कापणी करणाऱ्या बायकांना अधिक ठाऊक असतं.

तिसरं, पावणीच्या अटी. माझ्या मते गावाच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार हेच आहे. खारं पाणी कोणत्या तारखेपासून बंद, पाण्याची पातळी कोणत्या खुणेपर्यंत, दाराची चावी कुणाकडे, किती रक्कम थेट बांधाच्या खात्यात, अट मोडली तर अनामत जप्त, हे सगळं पावणीआधी सभेत वाचून लिहून घ्यावं. सर्वांत मोठी बोली हीच सर्वांत चांगली असं समजू नये. जास्त पैसे देणारा ते मासळीतूनच वसूल करणार असतो, आणि भुर्दंड शेताला पडतो.

चौथं, दुरुस्तीची वेळ. चिखलाचं काम पावसाळ्याच्या बरंच आधी, थर सुकून बसायला वेळ मिळेल असं करावं. मे महिन्याच्या शेवटी घाईने टाकलेली सुकी लाल माती पहिल्याच पावसात वाहते. मोठ्या कामासाठी कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे अर्ज करता येतो, त्याला महिने लागतात, म्हणून पावसाळा संपताच सुरुवात करावी.

पाचवं, खारफुटी. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला ती लाटांचा जोर मोडते, तिथे ती जपावी. आत मात्र ती वाढू लागली तर समजावं की खारं पाणी नियमित येतं आहे. खारफुटीला कायद्याचं कडक संरक्षण आहे आणि परवानगीशिवाय ती तोडता येत नाही. त्यामुळे बांध फुटून दोन-तीन वर्षं दुर्लक्ष झालं, आत खारफुटी उभी राहिली, की ती जमीन पुन्हा भाताखाली आणणं जवळजवळ अशक्य होतं. उशीर महाग पडतो तो इथे. दुसऱ्या बाजूला 2011 च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांचं संरक्षण करावं आणि त्यांचे नकाशे करावेत असं स्पष्ट म्हटलं आहे. खाजनात भराव दिसला की तक्रार अर्जात या अधिसूचनेचा उल्लेख जरूर करावा.

आणि खांड पडलीच तर? पहिल्या एक-दोन भरत्यांत हालचाल व्हावी, कारण प्रत्येक भरती खांड रुंद करते आणि खाली खणते. आधी दोन्ही उघडी टोकं पक्की करावीत, म्हणजे ती आणखी ढासळणार नाहीत. मग बांबू किंवा माडाचे खुंट ठोकून, झावळ्यांचे झाप लावून, चिखलाच्या गोण्यांनी दोन्हीकडून मधे सरकत यावं. शेवटचं तोंड भांगाच्या दिवशी, ओहोटी पूर्ण उतरल्यावर बंद करावं. उधाणात ते बंद करायला गेलं तर केलेलं कामही वाहून जातं. मामलेदाराला त्याच दिवशी लेखी कळवावं आणि पोच घ्यावी.

खाजनातल्या बऱ्याच जमिनींचे मालक आज पणजीत, मुंबईत, आखातात किंवा लंडनला आहेत. त्यांची नावं संघाच्या यादीत असतात, सभेत खुर्च्या रिकाम्या असतात आणि पावणीचे ठराव मूठभर माणसं करतात. आपलं नाव अशा एखाद्या यादीत असेल तर या वर्षीच्या वार्षिक सभेची तारीख आजच विचारून घ्या, शक्य असेल तर हजर राहा, आणि मानशीचे किती पैसे आले, त्यांतले बांधावर किती खर्च झाले, हे दोन आकडे मोठ्याने वाचायला सांगा.